भांडे जागेवर नाही

मंडळी, या धड्यात आपण संगणकाच्या एका दुखण्याविषयी वाचणार आहोत. दुखणे लहान आहे. पण त्यापायी अर्ज राहतो, मुदत टळते, आणि काही वेळा चांगला संगणक विनाकारण पुसला जातो. म्हणून हे दुखणे ओळखायला शिकू.

१. गावकीची भांडी

गावात लग्न निघाले की जेवणावळीला मोठी भांडी लागतात. दोनशे माणसांचा भात शिजेल असे पातेले कुणाच्या घरी असते? नसते. ठेवायला जागाही नसते. म्हणून पुष्कळ गावांत वर्गणी काढून मोठी भांडी घेतात. पातेली, कढया, पराती, झारे देवळाच्या खोलीत ठेवतात. ज्याच्या घरी कार्य असेल, तो नेतो. काम झाले की घासून परत ठेवतो.

यात दोन सोयी आहेत. घरोघरी भांड्यांचा ढीग होत नाही, ही एक. एका पातेल्याला कल्हई केली की साऱ्या गावाला ते उजळ पातेले मिळते, ही दुसरी.

पण एक अडचणही आहे. समजा, कुणी मोठे पातेले नेले आणि परत ठेवलेच नाही. लग्नाच्या दिवशी आचारी आला. तांदूळ आहे, सरपण आहे, पाणी आहे. पातेले नाही. मग काय? चूल पेटत नाही. यात आचाऱ्याचा दोष नाही. तांदूळही वाईट नाही. एक भांडे जागेवर नाही, एवढेच.

२. संगणकात काय असते?

संगणकाने काय काय करायचे हे ज्यात लिहिलेले असते, त्याला प्रोग्राम म्हणतात. एक प्रोग्राम पत्र लिहितो. दुसरा चित्र दाखवतो. तिसरा बोटाचा ठसा घेतो. कामे निराळी खरी, पण काही गोष्टी सगळ्यांनाच लागतात. पडद्यावर अक्षर काढणे, फाइल उघडणे, मजकूर कुलूपबंद करून पाठवणे, ही ती कामे. ही सामाईक कामे वेगळ्या फायलींत लिहून ठेवतात. ज्या प्रोग्रामला लागेल, तो ती वापरतो.

अशा फाइलला सामाईक लायब्ररी म्हणतात. लायब्ररी म्हणजे वाचनालय, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे पुस्तकांच्या ऐवजी तयार कामे ठेवलेली असतात.

विंडोज नावाची व्यवस्था ज्या संगणकावर असते, तिथे या फायलींच्या नावाच्या शेवटी ‘डीएलएल’ ही तीन अक्षरे असतात. लिनक्स नावाची व्यवस्था असेल, तर नावाच्या आरंभी ‘लिब’ आणि पुढे ‘एसओ’ असते. ही खूण पाठ करा.

प्रोग्राम सुरू करताना संगणक आधी त्याची यादी बघतो. यादीतली एकेक लायब्ररी ठरलेल्या जागी शोधतो. एक जरी मिळाली नाही, तरी प्रोग्राम सुरू होत नाही. पडद्यावर सूचना येते.

३. सूचना वाचा

समजा, एक शेतकरी सेवा केंद्रात गेला आहे. आज मुदतीचा शेवटचा दिवस आहे. ठशाच्या यंत्राचा प्रोग्राम सुरूच होत नाही. केंद्रातला मुलगा म्हणतो,

“काका, कॉम्प्युटर बिघडला. उद्या या.”

“अरे बाळा, उद्या मुदत संपलेली असेल. पडद्यावर काहीतरी लिहून आलंय. ते तरी वाच.”

“ते इंग्रजीत काहीबाही येतं, काका. मी ते बंद करून टाकतो.”

“बंद करू नको. फोटो काढ. शेवटी डीएलएल आहे का, एवढं बघ.”

मुलगा बघतो. सूचनेत लिहिले आहे: ‘व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल’ सापडत नाही, म्हणून काम पुढे जाऊ शकत नाही. प्रोग्राम पुन्हा बसवल्यास अडचण दूर होऊ शकेल.

बघा मंडळी, कोणते भांडे हरवले, त्याचे नाव सूचनेतच आहे. काय करावे, तेही सूचनेतच आहे. न वाचता ती बंद केली, तर वैद्याने दिलेली चिठ्ठी चुलीत घातल्यासारखे होईल.

इंग्रजी येत नसेल तर लाजू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि जाणत्या माणसाला दाखवा. ‘कॉम्प्युटर बिघडला’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. फाइलचे पुरे नाव सांगितले, की जाणत्याला निम्मे काम झालेले असते.

४. विंडोजवर उपाय

भांडे हरवते कसे? बहुधा चार कारणे असतात.

पहिले कारण पेन ड्राइव्हचे. शेजारच्या गावातल्या संगणकावर प्रोग्राम चालतो, म्हणून कुणी त्याची मुख्य फाइल तेवढी उचलून आणतो. म्हणजे आचारी आणला आणि भांडी मागेच राहिली. प्रोग्राम असा आणू नये. तो बसवण्याची पूर्ण फाइल, ज्याने तो तयार केला त्याच्याच ठिकाणाहून घ्यावी आणि रीतसर बसवावा.

दुसरे कारण, जागा मोकळी करताना कुणीतरी ‘ही फाइल कशाला?’ म्हणून पुसून टाकलेली असते. प्रोग्राम पुन्हा बसवला की ती परत येते.

तिसरे कारण, व्हायरस पकडणारा पहारेकरी प्रोग्राम कधी चांगली फाइलही चोर समजून कोंडून ठेवतो. त्याच्या कोठडीची यादी बघावी. मात्र फाइल खात्रीची आहे असे जाणत्याने सांगितल्यावरच ती सोडवावी.

चौथे कारण, सामाईक संच संगणकावर कधी बसवलेलाच नसतो. वर सांगितलेली ‘१४०’ची फाइल अशाच एका संचातली आहे. त्याचे नाव ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’. नाव लांबलचक आहे, पण संच फुकट मिळतो. तो मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतः देते. त्याचे दोन नेहमीचे प्रकार आहेत. ‘एक्स ८६’ हा ३२ बिटच्या प्रोग्रामसाठी आणि ‘एक्स ६४’ हा ६४ बिटच्या प्रोग्रामसाठी. ६४ बिटच्या विंडोजवर दोन्ही तऱ्हांचे प्रोग्राम चालतात, म्हणून तिथे दोन्ही संच बसवावेत. पुष्कळ जण एकच बसवतात आणि ‘उपाय केला, पण गुण आला नाही’ म्हणतात.

५. लिनक्सवर उपाय

लिनक्स बहुतेक ठिकाणी फुकट मिळते. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ नावाचे लिनक्स काढले आहे. लिनक्सवरची सूचना अशी असते: आधी प्रोग्रामचे नाव, मग ‘सामाईक लायब्ररी भरताना चूक’, मग लायब्ररीचे नाव, आणि शेवटी ‘अशी फाइल नाही’.

इथे क्रमाने चालावे.

पहिली पायरी. काय काय हरवले ते बघा. त्यासाठी एल-डी-डी ही तीन अक्षरी आज्ञा आहे. ती दिली की प्रोग्रामच्या सगळ्या लायब्ऱ्यांची यादी येते. जी सापडते तिच्यापुढे जागा लिहिलेली असते. जी हरवली तिच्यापुढे ‘सापडली नाही’ असा शेरा येतो. प्रोग्राम अनोळखी असेल तर त्यावर ही आज्ञा चालवू नये. त्याने तो प्रोग्राम सुरू होण्याचा धोका असतो.

दुसरी पायरी. लायब्ररी खरोखरच नसेल, तर लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातून मागवा. उबुंटू आणि डेबियनवर ‘ॲप्ट’ आणि फेडोरावर ‘डीएनएफ’ ही मागवण्याची आज्ञा आहे. एक लायब्ररी मागवली की तिला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ऱ्याही त्याच ओढून आणतात.

तिसरी पायरी. लायब्ररी संगणकावर आहे, पण संगणकाला दिसत नाही, असेही होते. देवळाच्या खोलीची वही असते ना, तशी लिनक्सचीही एक वही असते. कोणती लायब्ररी कोठे आहे, ते तीत टिपलेले असते. नवे भांडे खोलीत ठेवले, पण वहीत लिहिले नाही, तर माणूस ‘नाही’ म्हणूनच सांगणार. ‘एल-डी-कॉन्फिग’ ही आज्ञा दिली की वही नव्याने लिहिली जाते. ही आज्ञा मुख्य कारभाऱ्याच्या अधिकाराने द्यावी लागते. लायब्ररी भलत्याच जागी ठेवली असेल, तर ती जागा आधी वहीच्या यादीत घालावी लागते.

चौथी पायरी. नावापुढचा आकडा बघा. तो उगाच नसतो. एक खरे उदाहरण सांगतो. ‘लिब-एसएसएल’ ही मजकूर कुलूपबंद करणाऱ्या ओपन-एसएसएलची लायब्ररी. २०२२ साली उबुंटूची २२.०४ ही आवृत्ती आली. तिच्यात या लायब्ररीचा ३ हा आकडा होता. जुने प्रोग्राम १.१ हा आकडा मागत होते. ते अडले. काही लोकांनी ३ आकड्याच्या फाइललाच १.१ हे नाव लावले. नाव बदलून काय होणार? कढईवर ‘पातेले’ लिहिले म्हणून तिच्यात भात शिजत नाही. बरे, जुनी १.१ शोधून आणावी, तर तिची फुकट मिळणारी डागडुजी २०२३ साली बंद झाली. म्हणून खरा उपाय एकच. प्रोग्रामचीच नवी आवृत्ती घ्यावी.

६. या दोन चुका करू नका

पहिली चूक. हरवलेल्या फाइलचे नाव इंटरनेटवर शोधले, की ‘एकटी फाइल इथून घ्या’ म्हणणारी अनेक ठिकाणे दिसतात. तिथून घेऊ नका. ती फाइल कुणी ठेवली, आत काय मिसळले, कुणास ठाऊक! लायब्ररी प्रोग्रामच्या पोटात शिरून काम करते. ती दगाबाज असेल, तर आधार क्रमांक, बँकेचा परवलीचा शब्द, सारे चोराच्या हाती जाईल. सेवा केंद्राच्या संगणकावर आपलाच नाही, साऱ्या गावाचा कागद असतो. रस्त्यात सापडलेल्या पातेल्यात लग्नाचा भात शिजवतो का आपण?

दुसरी चूक. कुणी दुरुस्तीवाला म्हणेल, ‘सगळा संगणक पुसून नवा करावा लागेल.’ एका लायब्ररीसाठी हे सहसा लागत नाही. यात पैसे जातात आणि न जपलेल्या फायलीही जातात. आम्ही शाळेत मुलांना सांगत असू, “गणित चुकलं की लगेच पाटी पुसू नका. कोणत्या पायरीला चुकलं ते आधी बघा.” संगणकालाही हाच न्याय लावा.

आणि मुदत जवळ असेल, तर दुरुस्तीची वाट बघत बसू नका. दुसऱ्या केंद्रात जाऊन अर्ज भरा. दुरुस्ती उद्याही होईल.

ध्यानात ठेवा

सूचना बंद करू नका, तिचा फोटो काढा.
फाइलचे पुरे नाव आणि आकडा टिपून घ्या.
प्रोग्राम रीतसर पुन्हा बसवून बघा.
लायब्ररी मूळ ठिकाणाहूनच घ्या.
नाव बदलून फाइल फसवू नका.

प्रश्न

१. गावकीच्या भांड्यांत आणि सामाईक लायब्ररीत सारखेपणा कोणता?
२. पेन ड्राइव्हवर नुसती मुख्य फाइल आणल्यास काय होते?
३. अनोळखी ठिकाणाहून एकटी फाइल का घेऊ नये?
४. ‘एल-डी-कॉन्फिग’ ही आज्ञा काय करते?

करून पाहा

गावातल्या सेवा केंद्रात किंवा शाळेत जा. तिथल्या संगणकावर विंडोज आहे की लिनक्स, ते विचारा. विंडोज असेल तर ती ३२ बिटची की ६४ बिटची, तेही विचारा. उत्तर एका कागदावर ठळक अक्षरांत स्वतः लिहा आणि संगणकाच्या शेजारी भिंतीवर लावा. अडचणीच्या दिवशी ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल.