सर्व्हरची प्रतीक्षा आणि प्रणालीची निवड
चेन्नईतील गिंडी येथे १९७८ साली स्थापन झालेल्या अण्णा विद्यापीठाचा निकाल संकेतस्थळावर लागताच असंख्य विद्यार्थी तो एकाच वेळी मागतात. ही गर्दी हाताळण्याची प्रत्येक सर्व्हर-प्रणालीची रीत निराळी असते. १९९५ साली अवतरलेल्या पीएचपीत सामान्यतः प्रत्येक मागणीमागे एक स्वतंत्र प्रक्रिया गुंतते. डेटाबेसचे उत्तर येईपर्यंत ती थांबून राहते. परंतु एक बिघडली तरी इतर सुरक्षित राहतात. २००९ सालच्या नोड-जेएसमध्ये एकच प्रक्रिया उत्तराची वाट न पाहता पुढील मागणी हाती घेते. मात्र मध्येच दीर्घ आकडेमोड आली, की सर्वच मागण्या खोळंबतात. नुसता निकाल शोधून देणे हे बहुतांशी प्रतीक्षेचे काम होय. गुणांची आकडेमोड हे गणनेचे. हा भेद ओळखूनच प्रणाली निवडणे इष्ट होय.