उष्ण झऱ्यांतील जीवाणू आणि त्यांची प्लाझ्मिडे

हिमाचल प्रदेशात पार्वती नदीच्या खोऱ्यात मणिकरण येथे जमिनीतून जवळजवळ उकळते पाणी वर येते. यात्रेकरू तांदळाची पुरचुंडी त्यात सोडून भात शिजवितात. ज्या पाण्यात अन्न शिजते त्यात काही जिवंत राहत असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. १९६६ साली थॉमस ब्रॉक यांनी अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतून थर्मस ॲक्वाटिकस हा जीवाणू मिळविला, तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले. सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानात तो उत्तम वाढतो. पुढे याच कुळातले जीवाणू जपानमध्ये सापडले, आणि मणिकरणलाही. मणिकरणच्या जातीला नाव मिळाले थर्मस पार्वतीएन्सिस.

जीवाणूची आनुवंशिक माहिती मुख्यतः त्याच्या गुणसूत्रात असते. त्याशिवाय पेशीत पुष्कळदा डीएनएची लहान, बहुधा वर्तुळाकार कडीही असते. ती स्वतंत्रपणे आपली प्रत काढते. हेच प्लाझ्मिड. गुणसूत्राला घराचा पाया मानले, तर प्लाझ्मिड म्हणजे प्रवासातली ट्रंक. ती एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकते, आणि कधी हरवतेही.

जपानमधील थर्मस थर्मोफिलसच्या एच.बी. ८ आणि एच.बी. २७ या दोन वाणांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. दोघांची गुणसूत्रे सुमारे साडेअठरा ते एकोणीस लाख आधारक-जोड्यांची असून बव्हंशी जुळतात. दोघांजवळ एकेक मोठे प्लाझ्मिडही आहे. पहिल्याचे सुमारे २ लाख ५७ हजार जोड्यांचे, तर दुसऱ्याचे २ लाख ३३ हजारांचे. फरक प्रामुख्याने या प्लाझ्मिडांतच साठलेला आढळतो. जनुकांचे गट एकात आहेत, दुसऱ्यात नाहीत. काही मोडके होऊन पडलेले आहेत. शिवाय एच.बी. ८ जवळ सुमारे ९,३०० जोड्यांचे आणखी एक चिमुकले प्लाझ्मिड आहे, जे दुसऱ्याजवळ नाही. मणिकरणच्या जीवाणूचे मोठे प्लाझ्मिड तर अवघे १ लाख ४३ हजार जोड्यांचे. ही सामग्री निव्वळ ओझे मात्र नव्हे. या जीवाणूंना पिवळा रंग देणाऱ्या, आणि त्यायोगे सूर्यकिरणांपासून संरक्षण करणाऱ्या, कॅरोटिनॉइड द्रव्यांची जनुके मोठ्या प्लाझ्मिडावरच आहेत.

एवढी विविधता आली कोठून? एक कारण असे की, थर्मस जीवाणू भोवतालच्या पाण्यात विखुरलेला डीएनए सहज आत घेतात. ही गोष्ट १९८६ साली प्रयोगाने सिद्ध झाली. दोन पेशींच्या प्रत्यक्ष संपर्कातूनही जनुके जातात. उष्ण पाण्यात प्राणवायू फार कमी विरघळतो. त्याच्या अभावी एच.बी. ८ नायट्रेटवर निर्वाह करतो, एच.बी. २७ ला ते जमत नाही. परंतु पहिल्याच्या सहवासात ही क्षमता दुसऱ्याला मिळू शकते, असे आढळले आहे. अशा झऱ्यात याहून उपयोगी देणगी कोणती असणार!

याउलट कधी विविधता अपेक्षित असते आणि आढळते साम्य. अझोर्स बेटांवर रिबेरा केंते येथील तप्त सागरतळातून थर्मोटोगा या जीवाणूचा आर.क्यू. ७ हा वाण मिळाला. त्याच्या प्लाझ्मिडात केवळ ८४६ आधारक-जोड्या असून, स्वतःची प्रत काढण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनाचे जनुक तेवढे आहे. जपानमधील कुबिकी तेलक्षेत्रात, जमिनीखाली खोलवर सापडलेल्या थर्मोटोगातही जवळजवळ तेच ८४६ जोड्यांचे प्लाझ्मिड निघाले. हे जीवाणू प्राणवायूविना वाढणारे. अर्ध्या पृथ्वीचे अंतर या चिमुकल्या कडीने कसे ओलांडले, याचा उलगडा सोपा नाही. तिचा एक उपयोग मात्र झाला. थर्मोटोगात बाहेरची जनुके घालण्यासाठी संशोधकांनी जे वाहक तयार केले, ते याच प्लाझ्मिडाच्या आधारे.