पहिला मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प

हॉलमधल्या साउंडच्या रॅकसाठी एक डबा बनवला. बटण दाबलं की सॉकेट एकामागून एक चालू होतात. तयार सीक्वेन्सर मिळतो, पण हातची कला गप्प बसू देत नाही. त्यातून उमगलेलं थोडं:

१. आधी एमसीबी समजून घ्या. १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान तत्क्षणी पडतो. मोठ्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचे तीन-चार अ‍ॅम्प एकदम लावले, तर सुरुवातीच्या झटक्यात ते तेवढा करंट सहज ओढतात. झटका मात्र काही सायकलींचाच, आणि ५० हर्ट्‌झला एक सायकल २० मिलिसेकंदांची. त्यामुळे दोन सॉकेटांत दोन सेकंद पुष्कळ झाले. एकूण लोड मात्र तेवढाच राहतो. डबा लाइन वाढवून देत नाही.

२. टायमिंग सोपं, खरी परीक्षा रिलेची. त्या छोट्या निळ्या रिलेवर छापलेले १० अँपिअर हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतात. ट्रान्सफॉर्मरच्या झटक्याने काँटॅक्ट चिकटतात. मग मॉड्यूलवरचा एलईडी विझतो आणि सॉकेट जिवंतच राहतं! म्हणून अ‍ॅम्पला ३० अँपिअरचे रिले, आणि इंडिकेटर कॉइलवर नाही, थेट सॉकेटवर.

३. ‘सॉलिड स्टेट लाव, काँटॅक्टची कटकटच नको,’ असं सांगणारे भेटतात. नेहमीचा झीरो-क्रॉसिंगवाला व्होल्टेज शून्यावर असतानाच जोडतो, आणि ट्रान्सफॉर्मरचा कोअर नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त सॅच्युरेट होतो. हीटरला उत्तम, अ‍ॅम्पला उलटा.

४. रिलेने फेज तोडायचा. अर्थिंग सलग. यावर चर्चा नाही.

५. लाइट जाते, येते, लगेच पुन्हा जाते. तेव्हा डबा आपोआप ‘सगळं बंद’वर यायला हवा, लाइट टिकली की थोडं थांबून पहिल्यापासून सुरुवात. बरीच रिले मॉड्यूल ‘लो’ सिग्नलला चालू होतात. म्हणून आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये पिन आधी ‘हाय’ करायची, मगच आउटपुट. नाहीतर सुरू होतानाच सगळे रिले एकदम टक्‌ करतात आणि डब्याचा हेतूच बुडतो.

६. क्रम मिक्सर, प्रोसेसर, अ‍ॅम्प. बंद करताना बरोबर उलट. मिक्सर चालू-बंद होताना निघणारा ठोका अ‍ॅम्प जागा असेल तर थेट स्पीकरच्या कोनवर बसतो. लाइट अचानक गेली तर कुठला क्रम नि कुठलं काय! मिक्सर आणि प्रोसेसरला एक छोटा यूपीएस द्या, म्हणजे अ‍ॅम्प आधी झोपतात.