टक्का विचार, पण पत्ता आधी

भाचीबाई, प्लास्टिकच्या कारखान्यात रुजू होते आहेस. पहिल्याच दिवशी हीटर वाढवायला तुझा हात शिवशिवणार, हे मामाला ठाऊक आहे. त्याआधी एवढं ऐक.

१. दाण्याची गोणी फोडण्याआधी ग्रेड वाच — नुसतं 'पीपी', म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणून भागत नाही. नुसत्या प्रॉपिलीनचं होमोपॉलिमर १६०-१६५ अंशांना वितळतं; साखळीत थोडं इथिलीन विखुरलेलं रँडम १४०-१५० लाच.

२. इथिलीन किती, एवढ्यावर थांबू नकोस; ते बसलंय कुठं ते विचार — टक्का विचार, पण पत्ता आधी. बाजारात 'ब्लॉक' म्हणून मिळणाऱ्या पीपीत इथिलीन बऱ्याचदा रँडमपेक्षा जास्त, तरी वितळणं १६० च्या आसपासच. कारण त्याचे रबरी कण वेगळे पडतात आणि प्रॉपिलीनच्या लांब साखळ्या अखंड राहतात. पंगतीत मधेच आडवा बसलेला पाहुणा रांग मोडतो, ओटीवर बसलेला नाही.

३. फिल्मच्या दोन पॉलिथिलिनांची (एलएलडीपीईंची) घनता जुळली म्हणून सीलिंगचं तापमान तेच ठेवू नकोस — झिग्लर उत्प्रेरकाच्या मालात काही साखळ्यांवर फांद्या दाट, काहींवर विरळ. विरळवाल्या १२० च्या पुढेही तग धरतात. मेटॅलोसीनच्या मालात वाटणी सारखी, म्हणून तो आधी सैलावतो आणि सील लवकर धरतं.

४. डीएससीचा, म्हणजे माल तापवून त्याचं वितळणं मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख हातात आला की माल दोनदा तापवलाय ना, बघ — पहिल्या वेळी साच्यातून निघालेल्या डब्याने काय सोसलं ते कळतं, दुसऱ्या वेळी दाण्याचा स्वभाव. आणि वेग सारखा हवा. मिनिटाला १० अंश नेहमीचा.

५. साचा उघडायची घाई करू नकोस — १६० ला वितळलेलं होमो पीपी निवताना ११०-१२० ला उतरल्यावर कुठं स्फटिक धरतं, रँडम त्याहून खाली. घाई केलीस तर पिनांचे खड्डे आणि वाकडा डबा.

६. प्रीफॉर्मच्या साच्याचं पाणी गारच ठेव — बाटलीच्या पीईटीत स्फटिक सावकाश धरावं म्हणून थोडं आयसोफ्थॅलिक आम्ल घातलेलं असतं, पण कोमट पाण्यापुढे त्याचंही चालत नाही. झटपट गार, तर आरपार.

७. पीईटीच्या ड्रायरमध्ये पीईटीजी कधीच भरू नकोस — त्याच्या साखळीला रांगच धरता येत नाही, ८० च्या आसपास ती मऊ पडते आणि १६० च्या हवेत हॉपरभर एकच गोळा होतो. त्याला ६५-७० पुरे. झालाच गोळा, तर आधी ड्रायर बंद कर, मग सुपरवायझरला हाक मार. सळई घेऊन एकटी वर चढू नकोस.