उजव्या पायाची सवय

पहिली गाडी घेईन तर बुलेटच, तीही जुनी, बिडाच्या इंजिनाची, असा माझा हट्ट होता. मामा म्हणाला, "आधी शंभर सीसी घे, हात बसू दे." ऐकलं नाही. ओळखीतून 1986 सालची साडेतीनशे घेतली आणि धकधक करत घरी आणली. म्हणजे मेकॅनिकनंच आणली. मी मागे बसलो होतो.

शिकलो होतो मामेभावाच्या स्प्लेंडरवर. तिथं ब्रेक उजव्या पायाला, गिअर डाव्या. जुन्या बुलेटचं नेमकं उलटं. इंग्लिश गाड्यांची ती रीत. 1955 साली मद्रासला बुलेट जुळू लागली तेव्हा सोबत आली आणि पुढं बरीच वर्षं टिकली. पहिला गिअर वर, पुढचे तीन खाली. मला हे तोंडपाठ होतं, पण पायाला पाठांतर येत नाही. चौथ्या दिवशी साताऱ्यात उतारावर रिक्षा आडवी आली. मी ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला आणि गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. इंजिन ओढून धरत होतं तेही सुटलं. रिक्षा वाचली, मी गटाराच्या कठड्यावर. मनगट मोडलं. गाडीचा यात काही दोष नव्हता.

त्याआधी उलट्या किकनं नडगी दोनदा सोलली होती, ते वेगळंच. अँपिअर मीटरची सुई मधे आणायची, डीकॉम्प्रेसर ओढून किक जराशी पुढं सरकवायची, मग पूर्ण वजनानिशी मारायची. सिग्नलला बंद पडली की मागचे हॉर्न ऐकत हे सगळं करून बघा! शिकाऊ माणसाचं लक्ष रस्त्यावर हवं. जुनी गाडी ते स्वतःकडे मागते.

नवी कोरीच घ्या असंही मी म्हणत नाही. पहिल्या वर्षात गाडी एकदा तरी पडते, आणि हप्ते चालू असताना टाकीचा पोचा बघवत नाही. चार-पाच वर्षं वापरलेली शंभर-सव्वाशे सीसी शोधा. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना 125 सीसीपर्यंत निदान सीबीएस आणि त्यापुढं एबीएस सक्तीचं आहे. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. घाबरून नुसता पायच दाबणाऱ्या माझ्यासारख्याला याची किंमत कळते.

बघायला गेलात की आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर मालकानं तुम्ही यायच्या आत चालू करून ठेवलंय. चहा प्या, निवू द्या, मग स्टार्टर मारा. टायरवर चार आकडे असतात: 3219 म्हणजे 2019चा 32वा आठवडा. चेसिस नंबरावरचा चिखल खरवडून आरसीशी ताडा, आरसीवर बँकेचा बोजा उरलाय का बघा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची फेरनोंदणी झालीय का, हे तर विचाराच. माझ्या बुलेटची झाली नव्हती. मला ते हात प्लास्टरमध्ये असताना कळलं.

बुलेट विकली नाही. रविवारी काढतो. बंद गाडीवर बसून डावा पाय ब्रेकवर चार-पाचदा दाबतो, मग किक.