वादळाची बातमी कशी वाचावी?



मोठे वादळ येते तेव्हा आपण सगळेच टीव्हीसमोर बसतो, मोबाईलवर आलेले व्हिडिओ पाहतो, त्या लोकांसाठी प्रार्थना करतो आणि जमेल ती मदत पाठवतो. हे चांगलेच आहे. पण या अंकाच्या पाठात मला एक गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. आपली मदत बहुतेक वेळा बातमीच्या मागोमाग जाते आणि बातमी थांबली की तीही थांबते. आदिवासी वाड्यांपर्यंत मात्र बातमी पुष्कळदा पोहोचतच नाही.

मी औंढा नागनाथला राहतो. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही हा विषय आपलाच आहे, कारण आपल्या मंडळ्यांतून जाणारा पैसा, धान्य आणि कपडे कुठे पोहोचतात हे आपण पडद्यावर काय पाहिले त्यावर ठरते. म्हणून अभ्यासासाठी आपल्याच राज्यातले एक उदाहरण घेऊ: ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ.

१. वादळ कोठे आले?

अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून, तेच आपल्याकडचे चक्रीवादळ. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की आपला हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो आणि त्याला नाव दिले जाते. वेग ८९ च्या वर गेला की ते ‘तीव्र’ चक्रीवादळ होते. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते.

त्याच्या दोन आठवडे आधी, २० मे रोजी, अम्फान वादळाने बंगालला झोडपले होते. ती दृश्ये सर्वांच्या डोळ्यांसमोर ताजी होती. त्यात कोरोनाची टाळेबंदी. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या रुग्णालयातून रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना सुरक्षित जागी नेले. सागरी सेतू वाहतुकीसाठी बंद झाला. वाहिन्यांचे प्रतिनिधी चौपाट्यांवर वाऱ्यात उभे राहून बोलत होते. औंढ्यात बसून मीही दिवसभर तेच पाहत होतो.

दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. निसर्ग ईशान्येकडे सरकत होते, म्हणून त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला, समुद्रावरचा वारा सरळ जमिनीवर घुसला. श्रीवर्धन, म्हसळा आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली या भागांना मोठा फटका बसला. मुंबई डाव्या बाजूला राहिली, म्हणून वाचली.

संध्याकाळपर्यंत मथळे बदलले. मुंबईवरचे संकट टळले, असे सगळीकडे सांगितले जाऊ लागले. ते खरेच होते. पण दूरच्या प्रेक्षकाला त्यातून वादळच टळले असे वाटले. त्याच वेळी रायगडात हजारो घरांची छपरे उडालेली होती, विजेचे खांब आडवे झाले होते आणि मोबाईलचे मनोरे बंद पडले होते. ज्यांचे नुकसान सर्वांत जास्त झाले त्यांना ते सांगायला फोनच चालू नव्हता. यातून पहिला धडा हा घ्यावा: मोठ्या आपत्तीत एखाद्या भागातून काहीच बातमी येत नसेल, तर तिथे सर्व ठीक आहे असे समजू नये. उलट तिथली चौकशी आधी करावी.

२. कॅमेऱ्यात न येणारे नुकसान

वादळानंतर दोन दिवसांनी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अलिबागला भेट दिली आणि रायगडसाठी तातडीची १०० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. नारळ, सुपारी आणि आंब्याच्या बागा झोपलेल्या होत्या. त्यांची छायाचित्रे छापून आली आणि ती यायलाच हवी होती. नारळ-सुपारीचे नवे झाड लावले तर ते धरायला पाच-सात वर्षे तरी लागतात.

पण बागेत दोन प्रकारची माणसे असतात. एक बागेचा मालक, दुसरा तिथे मजुरीने काम करणारा. पंचनामा होतो तो झाडांचा आणि घरांचा. मजुराची बुडालेली रोजी पंचनाम्यात कुठे लिहायची याचा रकाना नसतो.

रायगडच्या कातकरी वाड्यांचा विचार करा. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि इतर कामांवर बाहेर पडतात आणि पाऊस येण्याआधी वाडीवर परततात. घर शाकारायचे, पावसाळ्याची बेगमी करायची, तो हा काळ. जूनच्या पहिल्या आठवड्यातले वादळ नेमके तेव्हा आले. त्यातून त्या वर्षी टाळेबंदीमुळे हाताला कामही नव्हते.

शिवाय अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या आहेत. घर आपले, पण खालच्या जमिनीचा कागद आपल्या नावावर नाही. अशा माणसाला नुकसानभरपाईच्या रांगेत उभे राहतानाच भीती वाटते. ही अडचण वादळाने निर्माण केलेली नाही. वादळाने ती फक्त उघडी केली. टीव्हीवर मात्र तिचे दृश्य दाखवता येत नाही.

मृतांचा आकडा हे आपत्ती मोजायचे माप झाले आहे, हीही एक अडचण आहे. १९९९ च्या ऑक्टोबरमधील महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन वादळ त्याच राज्यात आले तेव्हा लाखो लोकांना वेळेवर हलवले होते, त्यामुळे बळी फार थोडे गेले. ही केवढी मोठी गोष्ट! पण जीव वाचले म्हणून घरे, शेती आणि जनावरे वाचली असे नव्हे. निसर्ग वादळातही बळी थोडे होते. त्यामुळे काही दिवसांतच देशाचे लक्ष दुसरीकडे गेले.

३. फुगवलेले आकडे

त्या दिवसांत आणखी दोन गोष्टी मोबाईलवर फिरत होत्या. एक अशी की शंभर वर्षांत मुंबईजवळ वादळ आलेच नव्हते. वास्तविक ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ मुंबई आणि अलिबाग यांच्या दरम्यानच किनाऱ्यावर आले होते. हवामान विभागाच्या नोंदींनुसार खरी गोष्ट एवढीच होती की १८९१ नंतर जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलेले हे पहिले चक्रीवादळ. ‘जून महिन्यात’ हे दोन शब्द गळाले आणि अर्थ बदलला.

दुसरी गोष्ट १८८२ च्या वादळाची. त्यात मुंबईत एक लाख माणसे बुडाली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा वादळाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. एक लाख माणसे एका शहरात गेली असती तर त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत त्याची दाट नोंद सापडली असती.

अशा अतिशयोक्तीने काय बिघडते, असे वाटेल. बिघडते ते असे: भीती वाढवून सांगितलेले संकट तेवढे मोठे निघाले नाही की लोक पुढच्या खऱ्या इशाऱ्यालाही हसतात.

४. माणसांबद्दल वापरलेले शब्द

२९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत कॅटरिना वादळ आले आणि न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. त्या वेळी दोन छायाचित्रांची जगभर चर्चा झाली. दोन्हींत माणसे छातीभर पाण्यातून अन्न घेऊन चालली होती. काळ्या तरुणाच्या छायाचित्राखाली त्याने दुकान लुटले असे लिहिले होते. गोऱ्या जोडीच्या छायाचित्राखाली त्यांना अन्न सापडले असे लिहिले होते. शहरात खून आणि गोळीबार चालल्याच्या बातम्याही पसरल्या. त्यांतल्या पुष्कळ नंतर खोट्या किंवा फुगवलेल्या निघाल्या, पण तोवर त्या भीतीने मदतकार्य रेंगाळले होते.

आपल्याकडेही हे चालते. वाडीवरची बाई तांदळाच्या पिशवीसाठी दुसऱ्यांदा रांगेत आली तर ‘यांना सवयच लागली’ असे कोणीतरी म्हणते. तिच्या घरी किती माणसे आहेत, पहिली पिशवी किती दिवस पुरली, हे विचारले जात नाही. आपण स्वतः मदतीचे वृत्त लिहितो, फोटो पाठवतो, तेव्हाही याचे भान ठेवू या. हात पसरलेल्या माणसाचा फोटो घेण्यापेक्षा आपले छप्पर स्वतः चढवणाऱ्या माणसाचा फोटो घ्यावा, आणि तोही त्याला विचारून.

५. आपल्याच जिल्ह्यातला अनुभव

हे सर्व दूरचे वाटू नये म्हणून घरातले उदाहरण देतो. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत काही मिनिटांच्या अंतराने भूकंपाचे दोन धक्के बसले. पहिल्याची तीव्रता ४.५, दुसऱ्याची ३.६. आपण सगळे घराबाहेर आलो. १९९३ च्या किल्लारीची आठवण असलेली माणसे बराच वेळ आत जायला तयार नव्हती. दिवसभर बाहेरगावचे फोन येत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते कमी झाले. पांग्रा शिंदे आणि पिंपळदरी परिसरातील गावकऱ्यांनी मात्र जमिनीतून येणारे आवाज त्याआधीही ऐकले आणि नंतरही.

त्या सकाळी नांदेडच्या प्रशासनाने एक महत्त्वाची सूचना दिली होती: पत्र्याच्या छपरावर आधाराला ठेवलेले दगड काढून टाका. सूचना अगदी योग्य होती, कारण धक्क्याने दगड घरात पडला तर माणूस जाईल. पण आमच्या अंध आदिवासी वस्त्यांवर तो दगड का ठेवलेला असतो? वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून. दगड काढला तर वादळाची भीती, ठेवला तर भूकंपाची. पत्रे लोखंडी हुकांनी वाशांना नीट आवळले तर दोन्ही भीती कमी होतात. त्याला खर्च फार नाही. पण ही गोष्ट ना वादळाच्या बातमीत येते, ना भूकंपाच्या. ती वस्तीवर जाऊन, मान वर करून छप्पर पाहिले तरच कळते.

६. मग आपण काय करावे?

प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीची हकीकत आहे. अगबाने दुष्काळ येणार असल्याचे सांगितले, तेव्हा शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे यहूदियातील बंधूंसाठी मदत ठरवली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती तिथल्या वडिलांकडे ती पाठवली. त्यांनी इशारा ऐकून घेतला, आपली ऐपत पाहिली आणि मदत तिथल्या माणसांना ओळखणाऱ्यांच्या हाती दिली. आपल्यासाठी त्यातून काही साध्या गोष्टी निघतात.

पहिली, विचारल्याशिवाय वस्तू पाठवू नयेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. देणाऱ्यांचे मन चांगले होते, पण लोकांना गरज दुसऱ्याच गोष्टींची होती. वादळानंतर आधी ताडपत्री, पिण्याचे पाणी, धान्य आणि उजेडाची सोय लागते. मग पत्रे, कौले, हुक आणि खिळे.

दुसरी, जमलेल्या निधीचे दोन भाग करावेत. एक लगेच पाठवावा. दुसरा तीन महिन्यांनी, बातम्या थांबल्यावर, तिथल्या माणसांना विचारून पाठवावा. शाळेची वह्या-पुस्तके, बी-बियाणे, कागदपत्रांसाठी तहसीलच्या फेऱ्या हे सगळे खर्च तेव्हाच पुढे येतात.

तिसरी, कागदांसाठी मदत करावी. आधार, शिधापत्रिका आणि जातीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवायला प्रत्येक कुटुंबाला सांगावे. हे काम संकट येण्याआधीचे आहे आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

चौथी, हवामान विभागाचा इशारा आला की तो पुढे पाठवण्याआधी तारीख, जिल्हा आणि रंग पाहावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. जुना व्हिडिओ नव्या वादळाच्या नावाने पाठवू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळीने कोणत्या आपत्तीसाठी मदत पाठवली? त्या ठिकाणची आजची स्थिती आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे का?

२. आपल्या जवळच्या वस्तीवर किती घरांचे पत्रे केवळ दगडांवर टिकून आहेत? पावसाळ्याआधी किती घरांना हुक बसवता येतील?

३. वादळात वस्तीशी संपर्क तुटला, तर तिथे प्रत्यक्ष कोण जाईल? त्याचे नाव आजच ठरवता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गटाने घरे मोजूनच लिहावे. आपल्याकडून आकडे आले की किती हुक आणि किती पत्रे लागतील याचा हिशेब मांडता येईल आणि मृगाचा पाऊस येण्याआधी कामाला लागता येईल.