चेहऱ्यावर काही दिसत नाही, म्हणजे आत काही नाही का?

आपल्या सर्वांच्या ओळखीत अशी एक तरी व्यक्ती असते. घरात कोणी गेले तरी डोळ्यात पाणी नाही, मुलीचे लग्न ठरले तरी तोंडावर हसू नाही, बढती मिळाली तरी ‘बरं झालं’ एवढेच. अशा माणसावर लोक दोनपैकी एक शिक्का मारतात. सत्संगात भेटले तर म्हणतात, “फार पोहोचलेले आहेत, सुखदुःख समान झाले आहे.” घरात असले तर म्हणतात, “नुसता दगड आहे.” माणूस तोच, चेहराही तोच. मग यातले खरे कोणते?

मी भाषांतराची सेवा करतो. इंग्रजी लेखात ‘डिटॅच्ड’ हा शब्द आला की माझे काम अडते. मराठीत त्यासाठी अनासक्त, अलिप्त, तटस्थ असे शब्द आहेत. आणि कोरडा, तुटक, थंड, घुमा असेही आहेत. पहिले वापरले तर साधक डोळ्यांसमोर येतो, दुसरे वापरले तर ज्याच्याशी बोलणे कठीण असा शेजारी. काही शब्द तर वाटेतच बदलले आहेत. संस्कृतात ‘उदासीन’ म्हणजे बाजूला बसलेला, कोणाचाही पक्ष न घेणारा. मराठीत तो खिन्न, निरुत्साही झाला. पतंजलींच्या योगसूत्रात (१.३३) मैत्री, करुणा, मुदिता यांच्याबरोबर ‘उपेक्षा’ ही जोपासायची वृत्ती म्हणून सांगितली आहे. आपण मात्र वृद्ध आईवडिलांची उपेक्षा होते असे म्हणतो. मला वाटते, बाहेरून या दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात, म्हणून शब्दही घसरले.

गीतेतला प्रश्न

दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की स्थितप्रज्ञ कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो (२.५४). प्रश्न बाहेरच्या खुणांचा आहे. यानंतर अध्यायाच्या शेवटपर्यंत अठरा श्लोकांत श्रीकृष्ण उत्तर देतात. पण त्यात चेहरा कसा असावा, किती हसावे, किती बोलावे याचे वर्णन शोधून सापडत नाही. सगळे उत्तर मनाच्या आतले आहे: इच्छा, भय, क्रोध, इंद्रियांचे आवरणे. बाराव्या अध्यायात भक्ताला उदासीन म्हटले आहे (१२.१६), पण त्याच्या तीनच श्लोक आधी त्याच भक्ताला सर्वांचा मित्र आणि करुणावान म्हटले आहे. म्हणजे ज्याला दुसऱ्याचे दुःख शिवतच नाही, तो या वर्णनात बसत नाही.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात हा धोका नेमका हेरला. प्रत्येक सद्गुणाचा एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. दूरचा शत्रू उघड विरुद्ध असतो, म्हणून ओळखता येतो. जवळचा त्या गुणासारखाच दिसतो, म्हणून फसवतो. समत्वाचा जवळचा शत्रू म्हणून त्यांनी अज्ञानातून येणारी बेफिकिरी सांगितली आहे. जे आपल्याला कळतच नाही, त्याने आपण हलत नाही, आणि त्यालाच शांती समजतो.

आपल्यापैकी काही जण नवीन नवीन साधना सुरू केल्यावर घरात बोलणे कमी करतात आणि ‘आता मला काही वाटत नाही’ असे अभिमानाने सांगतात. मीही सांगत होतो. माझी धाकटी बहीण परीक्षेत नापास होऊन रडत होती आणि मी तिला ‘सगळे अनित्य आहे’ असे समजावले. तिने दार लावून घेतले. आज मला तिचेच बरोबर वाटते.

दाबलेले आणि नसलेले

आता दुसऱ्या बाजूने पाहू. चेहऱ्यावर काही न दिसण्याची कारणे एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे दाबण्याची सवय. ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय’ हे वाक्य ज्याने पाच वर्षांचा असताना ऐकले, तो पन्नासाव्या वर्षीही तो हुकूम पाळत असतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९० च्या दशकात यावर प्रयोग केले. लोकांना भावना जागवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या आणि काहींना सांगितले की बघणाऱ्याला काही कळू देऊ नका. त्यांचे चेहरे शांत राहिले, पण दुःख कमी झाले नाही, आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. विनोदी चित्रफितीत मात्र हसू दाबणाऱ्यांना मजाही कमी वाटली. हा व्यवहार तोट्याचाच म्हणायला हवा: दुःख पूर्ण ठेवून घ्यायचे आणि आनंद कापून द्यायचा.

याहून लहान वयातले उदाहरण मेरी एन्सवर्थ यांच्या कामात मिळते. त्यांनी बाल्टिमोरमध्ये सुमारे एक वर्षाच्या मुलांचे निरीक्षण केले. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि परत येते. बरीच मुले रडतात आणि आई आली की तिला बिलगतात. काही मुले मात्र खेळणी हलवत बसतात, आई परत आली तरी वर बघत नाहीत. किती शहाणे, किती स्वतंत्र मूल, असे कोणालाही वाटेल. पुढे संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले आढळले. रडून उपयोग नाही हे त्या बाळाला बोलता येण्याआधीच उमगलेले असते. (हे वाचून कोणी आपल्या आईला दोष देत बसू नये, तिलाही कोणीतरी तसेच वाढवलेले असते.)

काहींच्या बाबतीत भावना असते, पण तिचे नाव सापडत नाही. बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफनियोस यांनी १९७० च्या दशकात या स्थितीला ‘अलेक्सिथायमिया’ हे ग्रीक मुळांचे नाव दिले. अर्थ असा की भावनेसाठी शब्द नसणे. अशा माणसाला ‘तुला कसं वाटतंय?’ विचारले तर तो ‘छाती भरल्यासारखी झाली’, ‘पोट बिघडलंय’ असे सांगतो. तो टाळत नसतो, त्याला एवढेच सांगता येते.

आणि कधी कारण शरीरातच असते. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, चेहऱ्याचे स्नायू ताठर होतात, पापण्या कमी लवतात, आवाज सपाट होतो. आजोबा नातवावर पूर्वीइतकीच माया करत असतात, पण चेहरा ती दाखवू शकत नाही. नैराश्यात तर आवडीच्या गोष्टींतूनही रस जातो. काही औषधांनीही भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. म्हणून आधी हसणारा-बोलणारा माणूस काही आठवड्यांत कोरडा झाला, जेवणखाण, झोप बिघडली, तर त्याला वैराग्य आले असे समजून नमस्कार करू नका, डॉक्टरांकडे न्या. भारत सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

मग जवळ कसे बसावे?

‘काहीतरी बोल ना’, ‘तुला माझी किंमतच नाही’ अशा वाक्यांनी बंद दार अधिक घट्ट होते. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा शेजारी बसून काही काम करताना अशी माणसे जास्त बोलतात: शेंगा सोलताना, गाडी पुसताना, रस्त्याने चालताना. ‘कसं वाटतंय’ याऐवजी ‘काल झोप लागली का’ असे विचारा. उत्तर एका शब्दात आले तरी ते उत्तर आहे. आणि ते करतात काय, इकडे लक्ष द्या. कोणाची माया गरम पोळी वाढण्यात असते, कोणाची दुचाकीच्या चाकात हवा भरून ठेवण्यात.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणता येणार नाही. माझी आजी गेली तेव्हा बाबा रडले नाहीत. मी आत हुंदके देत होतो आणि ते ओसरीत आचाऱ्याशी बोलत होते, तेराव्याला किती पाने, बुंदी करायची की शिरा. मला त्यांचा इतका राग आला की काही आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतेच बोललो. आईला म्हणालो, “बाबांना काही वाटतच नाही.” आई काही बोलली नाही.

आमच्याकडे दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला जातो. मी कॉमर्सला असल्याने महिनाअखेरची बेरीज माझ्याकडे. आजीला म्हशीचे दूध पचत नसे, म्हणून तिच्यासाठी गायीचे अर्धा लिटर वेगळे येई. ती गेल्यावर चौथ्या महिन्यात बेरीज करताना माझ्या लक्षात आले की रोजच्या चौकटीत बाबांच्या अक्षरात ‘गाय अर्धा’ अजूनही लिहिलेले आहे. तीन महिने मी ते न वाचता आकडे जोडत आलो होतो. ज्या नोंदी समोर होत्या, त्याच मी तपासल्या नव्हत्या.

बाबा बाजूला वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हणालो, “बाबा, गायीचं दूध अजून चालू आहे.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “हो. बंद करायचं राहून गेलं.” मग बऱ्याच वेळाने, वर्तमानपत्रातच बघत म्हणाले, “गवळी दोनदा विचारून गेला. मला सांगता आलं नाही.”

मी बेरजेत ती रक्कम धरली. दूध दिवाळीपर्यंत चालू राहिले, आणि बंद करायचे सांगायला आम्ही दोघे मिळून गेलो.